चौथ्या सडाची ट्यूब

चार सडांच्या गाईसाठी माझ्या पिशवीत तीनच ट्यूबा होत्या. चौथी उद्या आणून देतो असं मी सांगितलं आणि पाचव्या दिवशी गेलो. तिथे जे झालेलं दिसलं, त्याचा दोष मी गाईच्या मालकिणीवर टाकला.

एवढं आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिताना मी स्वतःला सांभाळून घेईन अशी मला भीती आहे. सारी नोकरी सरकारी अहवाल लिहिण्यात गेली. 'ट्यूब उपलब्ध होऊ शकली नाही' असं लिहिलं की ती आणायची कुणी होती, हा प्रश्नच उरत नाही. ही कला आम्हाला कुणी शिकवत नाही, ती टेबलाजवळ बसून आपोआप येते.

मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर दवाखान्यात बसतात आणि पर्यवेक्षक गोठ्यागोठ्यांतून फिरतो. पण वसईत मला पहिल्या दिवसापासून सगळे 'डाक्टर'च म्हणायचे आणि मीही ती चूक दुरुस्त केली नाही. माझं गाव माणदेशातलं. तिकडे चारा म्हणजे कडबा आणि पाणी म्हणजे टँकर. बदली होऊन नव्वदच्या दशकात इकडे आलो तेव्हा होळी गावातली हिरवीगार वाडी बघून मला वाटलं, इथल्या गाईंना कसलं दुःख असणार. मुळ्याचा पाला, केळीची सोपटं, कोबीची वरची पानं, सगळं दारात.

त्या वाडीतच हिराकाकींचा गोठा होता. काकी तेव्हा पन्नाशीच्या. नवरा आणि दीर भाजी पिकवायचे, काकी दोन गाई सांभाळायच्या. घरात त्यांची स्वतःची बोली चालायची, त्यातलं निम्मं मला दोन वर्षं कळत नव्हतं. माझ्याशी मात्र त्या जपून बोलायच्या, जणू पाहुण्याला चहा कपबशीतून द्यावा तशा. काकींच्या हाताची त्या भागात ख्याती होती. पहिल्यांदा व्यालेली गाय लाथा मारायला लागली, जवळ येऊ देईना, की लोक काकींना बोलवायचे. काकी जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटायच्या आणि गाय पान्हा सोडायची. त्या काय पुटपुटतात ते मी एकदा विचारलं.

"माझ्या सासूबद्दल सांगते तिला," काकी म्हणाल्या. "मग तिला आपलं दुःख हलकं वाटतं."

आता ज्यांनी गाय फक्त रस्त्यात आडवी बसलेली पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाय बारा महिने दूध देत नाही. पुढच्या वेताआधी साधारण दोन महिने तिची धार बंद करावी लागते. याला आम्ही गाय आटवणं म्हणतो. तेवढ्यात तिची कास विश्रांती घेते आणि पोटातलं वासरू वाढतं. अडचण अशी, की कास म्हणजे नळ नव्हे. आपण धार काढायचं थांबलो तरी आत दूध तयार होतच राहतं. कास भरते, ताणते, दुखते. मग चार-आठ दिवसांत शरीरच ते दूध जिरवून टाकतं. त्या चार-आठ दिवसांत गाईचे हाल होतात. ती बसत नाही, कारण बसलं की भरलेली कास दाबली जाते. या पायावरून त्या पायावर भार टाकत उभी राहते. सडाच्या तोंडातून जंतू आत शिरायचीही हीच वेळ. म्हणून शेवटची धार काढल्यावर प्रत्येक सडात औषधाची एकेक ट्यूब सोडायची. सड चार, ट्यूबा चार. हिशेब इतका सोपा आहे.

काकींकडे सकाळी दूध न्यायला नव्या इमारतींमधली फ्लॅटवाली मंडळी यायची. त्यात पेडणेकर नावाचे एक गृहस्थ होते, मूळचे कोकणातले आणि मुंबईत सरकारी कचेरीत नोकरीला. स्टीलची किटली घेऊन ते सर्वांत आधी हजर असायचे. बकुळीचं दूध दोन महिने बंद राहणार हे मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा ते विचारात पडले.

"म्हणजे खाणंपिणं चालू, काम बंद?"

"हो."

"आणि कुणी मेमो देत नाही?"

"नाही."

"डॉक्टर, या खात्यात जागा आहे का बघा."

बकुळी ही काकींची लाडकी गाय. काळी-पांढरी, संकरित, कपाळावर वाकडा ठिपका. सात महिन्यांची गाभण असूनही दिवसाला बारा लिटर दूध देत होती. एवढ्या दुधावरच्या गाईला आटवायचं म्हणजे हळूहळू, हे आज मला कळतं. काकींना ते तेव्हाच कळत होतं.

"मी आधी संध्याकाळची धार सोडते," त्या म्हणाल्या. "मग दिवसाआड काढते. पाला बंद करून नुसता पेंढा. पंधरा दिवसांत जिना उतरल्यासारखी उतरते ती."

मी तेव्हा तिशीतला होतो आणि नुकतंच एक प्रशिक्षण करून आलो होतो. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत 'एकदम बंद करावे' असं छापलेलं होतं. कोणत्या गाईला, किती दुधाला, ते पुढच्या पानावर असावं. मी ते पान वाचलं नव्हतं.

"काकी, हे लाड आता जुने झाले," मी म्हणालो. "आज शेवटची धार. उद्यापासून काही झालं तरी कासेला हात लावायचा नाही. काही झालं तरी."

हे 'काही झालं तरी' मी दोनदा म्हणालो. ते मला अजून ऐकू येतं.

शेवटची धार काढली. मी सड पुसून एकेक ट्यूब सोडत गेलो. तिसरी झाल्यावर पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी. दवाखान्यातून निघताना मोजून घ्यायला हव्या होत्या. डावीकडचा मागचा सड तसाच राहिला.

"हा राहिला," काकी म्हणाल्या.

"उद्या सकाळी आणतो."

"नक्की?"

"काकी, सरकारी माणूस आहे मी."

"म्हणूनच विचारलं."

दुसऱ्या दिवशी विरारला माझ्या फ्लॅटचा ताबा मिळणार होता. एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. पण आमच्या घराण्यात कुणी जमिनीपासून एवढ्या उंचावर राहिलेलं नव्हतं. किल्ली घेतली. गावाहून आई आली, सासूसासरे आले, पूजा झाली. सासऱ्यांनी गच्चीवरून समुद्र दिसतो का ते तीनदा जाऊन पाहिलं. या सगळ्यात मला ट्यूबची आठवण झाली नाही असं लिहिलं तर सोपं जाईल. पण आठवण झाली होती. पूजेला बसलो असताना, हातात पळी असताना झाली होती. मी मनात म्हणालो, तीन तर सोडल्यात, एकानं काय होतंय.

पाचव्या दिवशी गेलो. बकुळी उभीच होती. काकी म्हणाल्या, चार दिवस ती धड बसलेली नाही. बसायला जाते, गुडघे टेकवते आणि परत उठते. काकींनी तिच्याखाली पेंढ्याचा हातभर जाड थर घातला होता, त्यावर केळीची सुकी पानं पसरली होती, तरी ती बसेना. डावीकडचा मागचा भाग लाल, गरम आणि दगडासारखा टणक झाला होता. या रोगाला दगडी म्हणतात, आणि ज्यानं ते नाव ठेवलं त्यानं नक्की हात लावून पाहिला असणार. खाली पेंढ्यावर दुधाचं ओलं डबकं होतं.

आता मला माहीत आहे की भरलेली कास गळते. गळणाऱ्या सडाचं तोंड उघडं राहतं, आणि ज्या सडात औषध नाही त्याचं तर फारच वाईट. पण त्या दिवशी मी ते डबकं पाहिलं आणि मला फक्त सुटका दिसली.

"तुम्ही धार काढलीत," मी म्हणालो.

"मी बोटसुद्धा लावलं नाय."

"मग हे दूध कुठून आलं?"

"गळतंय ते. तिलाच विचार." मग काकी म्हणाल्या, "चौथी नळी आणणार होतास तू."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

मी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मालकाने सूचना न पाळता धार काढल्याने कासदाह.' इंजेक्शनं दिली, आठ दिवस रोज गेलो. इतक्या इमानानं मी त्या नोकरीत पुन्हा कधी कुठे गेलो नसेन. गाय वाचली, सड गेला. दोन महिन्यांनी कालवड झाली आणि बकुळी तीन सडांवर दूध देऊ लागली. पेडणेकरांनी सकाळी किटली पुढे करताना तिचं नाव बदललं. "काय काकी, आज रिक्षा वेळेवर आहे का?" आळीत तेच नाव पडलं. बकुळी जन्मभर रिक्षा राहिली.

इथवर ही एका माणसाची एक चूक होती. पुढे मी तिचा उद्योग केला.

दूध सोसायटीतर्फे गावोगाव पशुपालकांची शिबिरं व्हायची. त्यांत मला बोलावं लागायचं आणि मला बोलायला येत नाही. नुसती माहिती सांगितली की लोक बाहेरच्या चहाकडे बघायचे. म्हणून मी एक गोष्ट सांगायला लागलो. 'होळीला एक काकी आहेत. मी त्यांना बजावलं, धार काढू नका. पण काकींना बघवेना. मी गेलो की काकी गुपचूप बादली घेऊन...' इथे मी बादली लपवून चालण्याची नक्कल करायचो. लोक हसायचे. मग मी आवाज खाली आणून सांगायचो, 'आणि गाईचा सड गेला.' सगळे गप्प व्हायचे. सभा हातात आल्यासारखं वाटायचं. पाच-सहा गावांत मी ही गोष्ट सांगितली आणि दर वेळी ती थोडी जास्त रंगली. नाव घेत नसे, पण होळीत दुसऱ्या अशा काकी होत्या कुठे.

नंदाखालच्या शिबिराला काकींची एक ओळखीची बाई होती. पुढच्या आठवड्यात मी गोठ्यात गेलो तर काकी गाईचं आंबोण कालवत होत्या.

"नंदाखालला माझी गोष्ट फार झकास झाली म्हणे."

मी पिशवी उघडून आत बघू लागलो.

"मी कशी दिसते रे त्यात? जाड की बारीक?"

"काकी, ते आपलं उदाहरण म्हणून..."

"बादली कुठल्या हातात धरते? डाव्या हातात धर हां. उजवा खांदा दुखतो माझा."

त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. मला वाटलं, मिटलं. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते वाटायला फार थोडं पुरतं.

मिटलं नव्हतं हे मला साधारण वर्षभरानं कळलं. होळीपलीकडच्या एका वाडीत पहिलारू गाय लाथा झाडत होती, कुणाला जवळ येऊ देत नव्हती. मी त्या घरच्या बाईंना म्हटलं, "हिराकाकींना बोलवा की. त्यांच्या हाताला गाय लगेच धार देते."

बाई म्हणाल्या, "नको बाबा. तुम्हीच सांगितलंत ना सोसायटीत, त्या चोरून धार काढतात. गाय बिघडवतात."

तिथे दोन शब्द बोलायचे होते. 'तसं नाही' एवढंच. मी म्हणालो, "बरं." गाईचे पाय बांधले आणि त्या बाईंना बांधलेल्या गाईची धार काढायला शिकवलं. दूध निम्मंच आलं. काकींना गेल्या वर्षभरात कुणीकुणी बोलावलं, हे मी मनात आठवून पाहिलं. कुणाचंच नाव आठवलं नाही.

त्यानंतर मी ती गोष्ट सांगायची बंद केली. तेवढंच केलं. ज्या लोकांना ती सांगून झाली होती त्यांच्याकडून ती परत घ्यायला गेलो नाही. उलट गाय कशी आटवावी ते आता मी काकींच्याच पद्धतीनं सांगू लागलो. संध्याकाळची धार आधी सोडा, मग दिवसाआड. पाला तोडा, पण पाणी तोडू नका. खाली जाड पेंढा घाला. दूध काढायच्या जागेपासून लांब बांधा, कारण बादलीचा आवाज ऐकून ती पान्हा सोडते. रोज कास लांबून पाहा आणि लाल दिसली तर मला ताबडतोब बोलवा. ही पद्धत कुणाची, हे मात्र सांगितलं नाही. लोकांना वाटायचं डाक्टर फार विचारानं सांगतात.

लोक मला गाय आटवायलाच बोलवायचे असंही नाही. चिंचोटीच्या एका गृहस्थांनी मला तातडीनं बोलावलं होतं, की नवी घेतलेली गाय दुधाला रोडावली आणि खाते मात्र दुप्पट, करणी झाली का बघा. गाय आठ महिन्यांची गाभण होती. मी ते सांगितल्यावर त्यांनी विकणाऱ्याला माझ्यादेखत शिव्या दिल्या आणि मग गाईकडे वळून म्हणाले, "तू तरी बोलायचं ना." मला ते वाक्य माझ्याच तोंडावर मारल्यासारखं वाटलं. हल्ली मला असं कशावरूनही वाटतं. बायको म्हणते, तुम्हाला दुधाची पिशवी फाटली तरी स्वतःची चूक आठवते.

वर्षं गेली. वाडीच्या दोन बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. बकुळी म्हातारी होऊन गेली. मी पन्नाशीला टेकलो. दोन वर्षांपूर्वी काकींचा निरोप आला, जाईला आटवायचं आहे, येऊन जा. जाई ही बकुळीची नात.

गेलो तर गोठ्याच्या दाराला पुठ्ठा लटकवलेला. पेडणेकर आता निवृत्त झाले होते, पण अक्षर कचेरीतलंच होतं. 'जाई बाळंतपणाच्या रजेवर आहे. कृपया पाला, साली, पाव देऊ नये. हुकमावरून.' आळीतून भाजीची टोपली घेऊन जाणारा प्रत्येक माणूस गाईला मूठभर काहीतरी घालतो, त्यावर हा बंदोबस्त. काकींनी सांगितलं की पुठ्ठा लावल्यावरही एकच माणूस लपून केळी देताना सापडला, तो म्हणजे पेडणेकर.

काकींचं जिना उतरणं पंधरा दिवस आधीच सुरू झालं होतं. जाईचं दूध तळाला आलं होतं आणि ती पेंढ्यावर पाय दुमडून निवांत रवंथ करत बसली होती. आम्ही आलो तरी उठली नाही. एवढी सुखात बसलेली आटती गाय मी तोपर्यंत पाहिली नव्हती. तिला उठवून शेवटची धार काढली. मी कट्ट्यावर ट्यूबा मांडल्या.

काकींनी बोटानं मोजल्या. "एक, दोन, तीन, चार. आणि ही पाचवी?"

"असू द्या जादा."

"उजव्या खांद्याला लाव माझ्या."

मी ट्यूबा सोडल्या. चौथी सर्वांत शेवटी, डावीकडच्या मागच्या सडात. काकी जाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काकी," मी म्हणालो, "बकुळीच्या वेळी चूक माझी होती. तुम्ही धार काढली नव्हती. मनातून मला त्याच दिवशी माहीत होतं."

"मलापण माहीत होतं."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत."

"एकदा बोलले. तू म्हणालास संबंध नाय." त्यांनी जाईच्या पाठीवरचा पेंढा झटकला. "लोक हात नको म्हणायला लागले रे माझा. त्या शेजारच्या शेवंताची गाय तर माझ्यासमोर मोठी झालेली. तिनंपण नाय बोलावलं."

मी वाकून माफी मागायला गेलो. त्यांनी मला खांद्याला धरून थांबवलं.

"इथं नको. इथं मी आणि जाई. आम्हाला दोघींना माहीतच हाय. जिथं सांगितलंस तिथं सांग."

सोसायटीचं शिबिर पुढच्या महिन्यात होतं. होळीचे, नंदाखालचे, आसपासच्या सगळ्या वाड्यांमधले लोक आले होते. गुरं आता कमी उरली आहेत, त्यामुळे एकच शिबिर सगळ्यांना पुरतं. काकी पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, शेजारी पेडणेकर. पेडणेकरांकडे गाय नाही, पण त्यांना कुणी अडवलं नाही. मागच्या खुर्च्यांवर मला शेवंताबाई दिसल्या.

मी उभा राहिलो. म्हणालो, तुमच्यापैकी काहींनी माझी एक गोष्ट ऐकली असेल, होळीच्या काकींची, बादलीची. दोन-तीन जण आठवून हसले. एकानं तर बादली लपवायची नक्कल केली, माझ्यापेक्षा चांगली. मी म्हणालो, ती गोष्ट खोटी होती. सड चार होते, मी ट्यूबा तीन नेल्या होत्या. चौथी उद्या आणतो म्हणालो आणि नेली नाही. एकदम धार बंद करायला मीच लावलं, काकी नको म्हणत होत्या. त्यांनी गाईला हात लावला नाही, कारण मी लावू नका म्हणालो होतो. आज तुम्ही गाई ज्या पद्धतीनं आटवता ती माझी नाही, त्यांची आहे.

हसणं थांबलं होतं. माझा आवाज कधी खाली गेला ते मला कळलं नाही. मी काकींकडे पाहून म्हणालो, "काकी, तुमचा हात चांगला होता. खोटं मी बोललो. मला माफ करा."

काकींनी मान वळवून मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोठ्यानं बोल डाक्टर," त्या म्हणाल्या. "मागं शेवंताला ऐकू येत नाय."

मी तेच पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.